वायफायची बादली

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी आहे, सासर लांबचं बघा, म्हणजे जाऊन-येऊन तरी दमेल." सासर मिळालं लालबागचंच, माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. भिंगरी तशीच राहिली. हा लेख लिहायला बसल्यापासून मी कितीदा तरी उठले, गॅसवर काही नसताना गॅस बघून आले, गॅलरीत जाऊन उगाच खाली डोकावले. संपादकांना हो म्हणताना आपल्याला बसून लिहावं लागणार आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

माझं काम काय, ते माझ्या सख्ख्या जावेला अजून कळलेलं नाही. "आमच्या जाऊबाई कॉम्प्युटर रिपेअर करतात," असं ती सांगते आणि मग तिच्या माहेरचे लोक बंद पडलेला मिक्सर घेऊन माझ्याकडे येतात. म्हणून आधी कामच सांगते.

यंत्राला रस्त्यावरची रिक्षा ओळखता यायला हवी असेल, तर आधी कुणीतरी माणसाने ढीगभर फोटो समोर घेऊन प्रत्येक रिक्षेभोवती चौकट आखून द्यावी लागते. ही रिक्षा, हा माणूस, ही हातगाडी, हा नुसताच खांब. असे फोटो बघून बघून यंत्र शिकतं. चौकटी आखायच्या या कामाला लेबलिंग म्हणतात, आणि आमच्या परळ-लालबाग-नायगावात ते घराघरांत चालतं. बायका पोळ्या झाल्या की बसतात, रिटायर झालेले काका पेपर वाचून झाला की बसतात. कॉम्प्युटरमध्ये वेगळं काही भरावं लागत नाही. ब्राउझर उघडायचा, लॉगिन करायचं, की फोटो आणि चौकट आखायचं टूल समोर हजर. ते टूल ज्या ऑफिसचं, त्या ऑफिसची मी सपोर्टवाली. कुणाचं टूल अडलं, हळू झालं, गोठलं, की फोनवर सांगायचं आणि फोनवर नाही जमलं तर घरी जायचं. मी फोनवर कमी आणि घरी जास्त जाते. का, ते वर लिहिलंच आहे.

मशीन कसं हवं, याचं एक पान आम्ही सगळ्यांना देतो. आठ जीबी रॅम, ताजा ब्राउझर, मोठा स्क्रीन, न तुटणारं इंटरनेट. कामाच्या वेळी बाकीचे टॅब बंद ठेवा, ब्राउझरचं झूम बदलू नका, लॅपटॉपला वारा लागू द्या. हे पान मराठीत मीच केलं. ते कुणीही वाचत नाही, आणि माझी नोकरी त्याच्यावरच टिकून आहे.

आणखी एक नियम सांगते, कारण पुढे तो लागणार आहे. तक्रार आली की आमच्याकडे तिचं तिकीट उघडतं. तिकीट उघडं असेपर्यंत त्या माणसाच्या कामाचा वेग मोजत नाहीत आणि त्याचं लॉगिनही बंद करत नाहीत, कारण दोष टूलचाही असू शकतो. मी दोष काढला, दुरुस्त केला, की तिकीट बंद. ऑफिसात सगळ्यात भराभर तिकिटं बंद होतात ती माझी. याची मला घमेंड आहे, उगाच लपवत नाही.

तर गिरगावातल्या एका वाडीत त्रिलोकेकर काका राहतात. जन्म बँकेत गेला. त्यांचं टूल दुपारनंतर गोठायचं. जाऊन बघते तर ब्राउझरच्या वरच्या पट्टीवर टॅबची अशी खेटाखेट, की एकाचंही नाव वाचता येईना. प्रत्येक फोटो काका वेगळ्या टॅबमध्ये उघडत, चौकटी आखत, आणि टॅब तसाच ठेवत. सगळे फोटो झाले की पहिल्यापासून परत तपासत, आणि मगच एकेक सबमिट करत.

"काका, झाला फोटो की सबमिट करायचा आणि बंद करायचा. एवढं सगळं उघडं ठेवलं तर मेमरी कशी पुरणार?"

"न तपासता पाठवू?" काका माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी त्यांना खोटी सही करायला सांगतेय. "आमच्या काळी दोनदा टोटल मारल्याशिवाय कागद टेबलावरून हलत नसे."

"काका, मशीनला दम लागतो."

"मग दम खाऊ दे त्याला. मी थांबतो."

आणि ते खरंच थांबत. मशीन गोठलं की चष्मा पुसत बसत. त्यांच्या चौकटी मात्र अशा काटेकोर, की तपासनीस चकित व्हायचे. शेवटी मी त्यांच्या मशीनमध्ये जास्तीची रॅम घालून घेतली आणि तिकीट बंद केलं. म्हातारी खोडं वाकवण्यापेक्षा मशीन वाकवलेलं परवडतं.

लालबागच्या एका बाईंचा लॅपटॉप दसऱ्यानंतर जो घोंघावायला लागला, तो थांबेना. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. वडील मिलमध्ये असताना ती साच्याची, म्हणजे त्यांच्या मागाची व्हायची, आता लॅपटॉपची होते. बाईंनी त्याला मखमली गादीवर बसवलं होतं, हळदकुंकू वाहिलं होतं आणि वर मनोभावे अक्षता टाकल्या होत्या. मी मागचं झाकण उघडलं, तर पंख्यात तांदूळ. आणि पूजा झाल्यावरही लॅपटॉप गादीवरच, म्हणजे खालून वारा बंद. "देवाला गादी द्या, याला पाट द्या," एवढं सांगून मी निघाले. त्या बाईंनी मला हळदकुंकू लावूनच सोडलं.

असं माझं चाललेलं असतं. एका घरात चहा, दुसऱ्या घरात वाद. पण ज्या तिकिटासाठी मी हे लिहायला बसले, ते वैशाली सावंतचं.

वैशाली भोईवाड्यातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. नवरा कुरिअर कंपनीत, पहाटे जायचा तो संध्याकाळी उगवायचा. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, कंबरेखाली हालचाल नाही. त्यामुळे वैशालीला घराबाहेरची नोकरी शक्यच नव्हती. घरात बसून होईल असं तिला मिळालेलं एकमेव काम म्हणजे हे लेबलिंग, आणि ते करायचीही मन लावून. तिला अचानक ऑफिसची ताकीद आली. फोटोतली लांबची माणसं सुटतायत, सायकली सुटतायत. सुधारणा झाली नाही, तर लॉगिन बंद.

तिचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. "मॅडम, मी चष्म्याचा नंबर काढून आले. डोळे चांगलेत माझे. मग मला दिसत का नाही?"

मी गेले. लॅपटॉप पाटावर, टॅब एकच, झूम बरोबर. मराठी पान वाचलेलं माझ्या पाहण्यातलं हे पहिलं माणूस. तिच्या खांद्यावरून मी काम बघत राहिले आणि मग लक्षात आलं. आमचं टूल आधी फोटोची हलकी, पुसट प्रत दाखवतं आणि मागाहून खरा, स्वच्छ फोटो तिच्यावर आणून बसवतं. इंटरनेट धड असेल तर हे डोळ्यांना कळतही नाही. वैशालीकडे तो खरा फोटो येतच नव्हता. ती बिचारी पुसट फोटोवर चौकटी आखत होती, आणि लांबचा माणूस त्यात नुसता डाग दिसत होता.

मी वायफायच्या डब्यात शिरून बघितलं, त्याच्यावर कोण कोण जोडलेलं आहे. नावांची रांग संपेना.

"वैशाली, हे कोण सगळे?"

"हा गावकर काकूंचा टीव्ही. हा शेजारच्या दादांचा फोन. हे कोपऱ्यातल्या खोलीचं, तिकडे मुलीचा क्लास असतो ऑनलाइन. आणि हे... हे बहुतेक खालच्या मजल्याचं असेल."

"पासवर्ड बदल. आत्ता."

"नाही मॅडम."

"नाही काय? तुझं लॉगिन जाईल!"

"गेलं तर गेलं." तिने मान खाली घातली, पण आवाज हलला नाही. "सासूबाईंची चादर रोज सकाळी बदलावी लागते. एकीने त्यांना कुशीवर धरायचं, दुसरीने चादर ओढायची. एकटीला नाही होत ते. हे तर पहाटेच जातात. रोज गावकर काकू येतात. मी दुकानात गेले तर कोपऱ्यातली मुलगी येऊन बसते. चावी दादांकडे असते. आणि मी त्यांना सांगू, माझं वायफाय वापरू नका म्हणून?"

मी चिडले. चिडणं हा माझा दुसरा गुण. चिडून मी गॅलरीत आले आणि तिथेच फेऱ्या मारायला लागले. गॅलरीच्या टोकाला सार्वजनिक नळ होता. पाणी यायची वेळ झालेली नव्हती, पण बादल्या आधीच रांगेत लागलेल्या होत्या. चाळीत वाढलेल्याला हे सांगायला नको. बादली लावली की माणूस तिथे उभा आहे असं धरायचं. मग तो खुशाल घरात जाऊन भाजी फोडणीला टाको. दुसऱ्याच्या बादलीला हात लावायची कुणाची छाती होत नाही. रांगेजवळ स्टुलावर गावकर काकू बसल्या होत्या. नळावर त्यांचा शब्द चालायचा.

"काय झाला गो बाय? अशी कित्याक फिरतंस?" त्यांनी विचारलं.

माझ्या मनात होतं तसंच मी बोलून टाकलं. "काकू, वायफाय म्हणजे हा नळ समजा. नळ एक आणि सगळ्यांनी आपापल्या पाइपने एकदम पाणी ओढलं, तर कुणाच्या बादलीत धार पडेल का? वैशालीच्या बादलीत थेंब थेंब पडतंय. तिचं काम जाणार आहे त्यापायी."

वैशाली दारात येऊन उभी राहिली होती. ती घाईघाईने म्हणाली, "काकू, तसं काही नाही हो. मॅडम उगाच..."

"तू गप." काकू उठल्या. "आमका सांगूचा नाय? आम्ही काय परके?" त्यांना राग आला होता तो वायफायचा नव्हे, न सांगितल्याचा. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तिका किती वेळ लागता?"

"सकाळचं काम झालं की दुपारपर्यंत."

"मगे नंबर लावया. पाण्याक लावतो तसो."

त्यांनी घरातून एक तळाला तडकलेली भगवी बादली आणली. पाण्याच्या कामाची नव्हती, म्हणून मोरीत नुसती पडून होती. ती त्यांनी वैशालीच्या दाराबाहेर ठेवली आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "ही बादली दारात असा तवर वैशालीचो नंबर. कोणी वायफाय लावूचो नाय!"

मला वाटलं, दोन दिवसांचा खेळ होईल. पण बादली ती बादली. मजल्यावरच्या लोकांना रॅम कळत नव्हती, बँडविड्थ कळत नव्हती, पण लागलेल्या बादलीचा मान त्यांच्या रक्तात होता. क्लासवाल्या मुलीचा तास मध्येच यायचा, म्हणून तिला तेवढी सूट मिळाली, जशी आजारी माणसाच्या घराला नळावर मिळते. काकूंनी स्वतःची दुपारची मालिका संध्याकाळच्या पुनःप्रसारणावर ढकलली. मी पुन्हा गेले तेव्हा वैशालीच्या स्क्रीनवर फोटो उघडला आणि डोळ्यांदेखत स्वच्छ झाला. लांब पुलाखाली उभा असलेला माणूस तिने बरोबर टिपला, त्याच्या हातातली सायकलसुद्धा. मला एवढा आनंद झाला, की मी तिच्या पाठीत धपाटाच घातला.

ऑफिसात रोहन म्हणून आमचा साहेब आहे. वयाने माझ्या मुलापेक्षा लहान, पण मुलगा चांगला. त्याने विचारलं, "मॅडम, फिक्स काय केलंत?" बादली कशी लिहिणार? मी लिहिलं, ‘नेटवर्क वापराचे नियोजन’. त्याने ते सगळ्यांना उत्तम सूचना म्हणून पाठवलं. मी तिकीट बंद केलं. वैशालीचं लॉगिन वाचलं.

नंतर ती चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. इकडे सगळीकडे तेच चाललंय, त्यात नवल काही नाही. नवी इमारत होईपर्यंत बिल्डरकडून भाडं घ्या आणि कुठेही राहा. मजला पांगला. गावकर काकू मुलाकडे विरारला गेल्या, कोपऱ्यातलं घर डोंबिवलीला, दादा कुठे गेले ते वैशालीलाही नीट सांगता आलं नाही. वैशालीला नायगावात एका नव्या इमारतीत भाड्याने जागा मिळाली. लिफ्ट, चोवीस तास पाणी, स्वतःचं एकटीचं इंटरनेट. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, सुटली पोर.

यंदा गणपती होऊन गेले आणि तिचं तिकीट आलं. ‘टूल हळू चालते.’ बरोबर ऑफिसची ताकीदही होती. माउस हलला नाही, की आमचं टूल त्या वेळेला ‘निष्क्रिय’ म्हणून नोंदवतं. वैशालीची रोज सकाळ अशी निष्क्रिय जात होती. आठवड्याभरात सुधारणा नाही, तर लॉगिन बंद आणि तिचे फोटो दुसऱ्याला.

मी वाट वाकडी करून नायगावला उतरले. दार वैशालीनेच उघडलं. वाळली होती. मी चहा नको म्हणून थेट लॅपटॉपला बसले. रॅम भरपूर, ब्राउझर ताजा, पंखा स्वच्छ. इंटरनेटचा वेग बघितला, तर आमच्या ऑफिसला लाजवेल असा. फोटो उघडायचा तोच लख्ख. दोष सापडेना. मी केबल काढून लावली, मशीन बंद करून चालू केलं, खुर्चीतून उठले, परत बसले. माझ्या अख्ख्या नोकरीत मी इतकं निर्दोष मशीन पाहिलं नव्हतं, आणि मला त्या मशीनचा संताप यायला लागला.

"वैशाली, कुठे हळू होतं ते दाखव ना. मला तर काही दिसत नाही."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती भगवी तडकलेली बादली होती. तिच्यात कांदे-बटाटे ठेवले होते. माझं लक्ष तिथे गेलेलं वैशालीने बघितलं आणि तिचा बांध फुटला.

"मॅडम, टूल चांगलं आहे. मीच हळू झालेय." ती उभ्या उभ्या रडायला लागली. "चादर बदलायला मला सगळी सकाळ लागते. एक कोपरा ओढते, परत येऊन त्यांना धरते, परत दुसरा ओढते. समोरची बेल वाजवली एकदा. चांगली माणसं आहेत, पण त्यांनी दार साखळी लावून उघडलं. मग मला पुढे बोलताच आलं नाही. मी कोणाला बोलवू? मला तुमचं तिकीटच टाकता येत होतं, म्हणून ते टाकलं."

मशीनवर रागावता येत होतं तोवर बरं होतं. मी पर्स खाली ठेवली, पदर खोचला आणि विचारलं, "आज बदलली का?"

"नाही अजून."

आतल्या खोलीत सासूबाई भिंतीकडे बघत पडल्या होत्या. वैशालीने चादरीची टोकं सोडवली. मी पलंगाच्या पलीकडच्या कडेवर बसले, एक हात त्यांच्या खांद्याखाली आणि एक कंबरेखाली घातला, आणि अलगद माझ्याकडे वळवून धरून ठेवलं. अंगाला वजन म्हणून नव्हतं. वैशालीने मागून ओली चादर ओढली, कोरडी घातली. कामाला वेळ असा काही लागलाच नाही.

सासूबाईंचं तोंड माझ्या पदरात होतं. डोळे मिटलेले. त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं.

"गावकरणी," त्या म्हणाल्या, "हात थंड कशे गो तुझे? खंय होतंस इतके दिस?"

वैशाली म्हणाली, "आई, त्या काकू नाहीत, त्या..."

मी तिला मानेनेच नको म्हटलं. आई गेल्यापासून घरात मालवणी बोलायला कुणी उरलं नव्हतं. माझ्या तोंडात ती कुठून आली कोण जाणे.

"नळार होतंय गो," मी म्हटलं. "आज गर्दी खूप होती."

"बादली लावलंस?"

"लावली."

त्यांनी मनगट सोडलं नाही. मीही उठले नाही. ऑफिसचा फोन पर्समध्ये वाजून वाजून गप्प झाला.

ते तिकीट मी बंद केलेलं नाही. रोहन अधूनमधून विचारतो, आणि मी सांगते, तपास चालू आहे. ते उघडं आहे तोवर वैशालीचं लॉगिन कुणी घेऊ शकत नाही. ऑफिसला जाताना मी रोज सकाळी नायगावला उतरते. मी कुशीवर धरते, वैशाली चादर ओढते. आत जायच्या आधी तेवढे हात एकमेकांवर चोळून गरम करून घेते.